लष्करी ट्रायलला माल उभा करताना

भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यातल्या बऱ्याच लघुउद्योजकांच्या डोक्यात एक विचार घोळत असतो: गाड्यांच्या कंपन्यांचं काम आहेच, पण लष्कराला थेट माल देता येईल का? पीपॅपची, म्हणजे पार्ट ग्राहकाकडून रीतसर मंजूर करून घेण्याची, सवय असते, ऑडिट अंगवळणी पडलेलं असतं, मापं तपासणारं सीएमएम यंत्र दारात असतं, त्यामुळे क्वालिटीची भीती नसते. अडचण येते ती वेगळीच. गाडीची कंपनी ड्रॉइंग देते. पार्ट ड्रॉइंगशी जुळला की काम झालं. लष्कर बहुतेक वेळा ड्रॉइंग देत नाही, गरज सांगतं. तुम्ही आणलेली वस्तू ती गरज भागवते की नाही, हे मग त्यांच्या जवानांच्या हातात आणि त्यांच्या हवामानात तपासलं जातं.

त्या तपासणीची, म्हणजे ट्रायलची, तयारी कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो. सोयीसाठी एकच काल्पनिक वस्तू धरून चालू: जवानाच्या पाठीवर नेता येईल असा, रेडिओ सेटच्या लिथियम बॅटऱ्या भरणारा चार्जर. शीट मेटलची किंवा ॲल्युमिनियमची पेटी, आत पॉवर सप्लाय, बाहेर चार कनेक्टर. पुण्यात अशी वस्तू बनवू शकणारे कितीतरी कारखाने आहेत, म्हणूनच ती घेतली. तोफगोळे, जॅकेट आणि पूल यांच्या चाचण्यांबद्दल पुढे थोडक्यात येईल.

आधी कोण काय करतं ते समजून घ्या

पुण्यात संरक्षण खात्याच्या इतक्या पाट्या आहेत की नवख्याचा गोंधळ उडतो. पाषाणला एआरडीई आहे, १९५८ साली सुरू झालेली, तोफा-बंदुका आणि दारूगोळ्याचं संशोधन करणारी. सुतारवाडीला एचईएमआरएल आहे, तिथे स्फोटकं आणि रॉकेटचं इंधन. दिघीला आर अँड डीई, म्हणजे पूल आणि अभियंता दलाची साधनं. या तिन्ही डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळा. त्यांचं काम वस्तू विकसित करण्याचं.

खडकीला दारूगोळ्याची आणि औंध रोडला लष्करी स्फोटकांची जी गुणवत्ता आश्वासन नियंत्रणालयं आहेत, ती डीजीक्यूएची, म्हणजे संरक्षण खात्याच्या गुणवत्ता तपासणी विभागाची. त्यांचं काम वस्तू मानकात बसते का आणि प्रत्येक खेप तशीच येते का, हे बघण्याचं. तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा गट म्हणजे वापरणारा, म्हणजे खुद्द सेना. चौथा गट ईएमई, सेनेची साधनं दुरुस्त करणारं दल. ट्रायलमध्ये यातल्या शेवटच्या तिघांचा वेगवेगळा अहवाल तयार होतो.

हे नीट लक्षात घ्या, कारण दिघी किंवा पाषाणच्या एखाद्या शास्त्रज्ञाने तुमची वस्तू बघून 'उत्तम' म्हटलं, तर त्याचा अर्थ लष्कराने ती घेतली असा होत नाही. डीआरडीओच्या स्वतःच्या वस्तूही याच चाळणीतून जातात. एआरडीईने भारत फोर्ज आणि टाटा यांच्यासोबत विकसित केलेली एटॅग्ज ही १५५ मिमीची तोफ घ्या. काम २०१३ च्या सुमारास सुरू झालं. उंचावर आणि वाळवंटात चाचण्या झाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला ट्रायल सुरू असताना नळी फुटली, चौकशी झाली, चाचण्या लांबल्या. ३०७ तोफांचा करार झाला मार्च २०२५ मध्ये. चार्जरला बारा वर्षं लागणार नाहीत, पण महिन्यांच्या हिशोबाने बँकेचं कर्ज काढू नका.

कागदातली प्रत्येक ओळ ही एक चाचणी आहे

भांडवली खरेदीची चौकट डीएपी २०२० या संरक्षण खरेदीच्या नियमावलीत दिली आहे. क्रम ढोबळमानाने असा: माहिती मागवणारं आरएफआय, मग गरजेचा मसुदा म्हणजे जीएसक्यूआर, मग खरेदीची गरज मान्य झाल्याचा शिक्का, मग निविदा मागवणारं आरएफपी. तुम्ही तांत्रिक आणि व्यापारी निविदा वेगवेगळ्या पाकिटांत देता. तांत्रिक छाननी होते, त्यातून पार पडलेल्यांची फील्ड ट्रायल होते, आणि त्यात पास झालेल्यांचीच किमतीची पाकिटं उघडतात. किंमत शेवटी बघितली जाते, हे ऑटो लाइनमधल्या माणसाला पचायला वेळ लागतो.

ट्रायल सहसा 'विनाखर्च, विनाबांधिलकी' तत्त्वावर असते. म्हणजे वस्तू तुमची, वाहतूक तुमची, इंजिनीअरचा मुक्काम तुमचा, सुटे भाग तुमचे आणि ऑर्डरची हमी नाही. हा खर्च आधीच मांडून ठेवा.

आता आरएफपी हातात आली की पहिलं काम: त्यातली प्रत्येक ओळ एका तक्त्यात घ्या आणि समोर चार रकाने करा. हे कशाने मोजणार? कुठल्या परिस्थितीत? किती वेळा? किती चुकलं तर नापास? ज्या ओळीसमोर एखादा रकाना रिकामा राहतो, तिथेच पुढे वाद होणार आहे.

आपल्या चार्जरचं बघा. समजा कागदात लिहिलंय, 'उपकरण उणे २० अंश सेल्सिअसला काम करेल.' वाचायला सोपं आहे. पण लिथियम-आयन सेल शून्याखाली नेहमीच्या वेगाने भरला, तर लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचायला लागतो. सेल कायमचा बिघडतो आणि पुढे धोकादायकही होऊ शकतो. त्यामुळे इथे प्रश्न उभे राहतात. चार्जर उणे २० ला असेल, पण बॅटरी किती तापमानाला असेल? ती आधी गरम करायची मुभा आहे का? गरम करायला लागणारी वीज आणि वेळ 'चार तासांत पूर्ण चार्ज'मध्ये धरायचा की वेगळा? जवानाने ती थंडीत रात्रभर बाहेर ठेवलेली असेल, हे गृहीत धरायचं का? हे प्रश्न निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. तोंडी उत्तरावर डिझाइन करू नका. लेखी खुलासा सगळ्या स्पर्धकांना लागू होतो, आणि ट्रायलच्या दिवशी तोच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

गरजेतल्या ओळी सारख्या वजनाच्याही नसतात. काही अत्यावश्यक असतात, त्यात एक जरी हुकली तरी बाहेर. काही वाढीव कामगिरीच्या असतात, त्यांना किमतीच्या तुलनेत थोडं श्रेय मिळतं. मी अनेकांना वाढीव ओळींच्या मागे धावताना पाहिलंय. चार्जरला ब्लूटूथवर स्थिती दाखवायची हौस असते आणि इकडे कनेक्टरच्या टोपीला साखळी नसते. आधी अत्यावश्यक ओळी संपवा.

जी वस्तू तपासली, तीच द्यायची

ट्रायलला वस्तू जाण्याआधी तिची बांधणी गोठवा. ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक, पीसीबीची (सर्किटच्या पाटीची) आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, गास्केटच्या, म्हणजे झाकणाखालच्या सीलच्या, रबराचा ग्रेड, स्क्रूला लावलेलं लॉकिंग केमिकल, सगळं एका यादीत. त्यानंतर काहीही बदललं तर ते नोंदवून, कळवून.

याचं सगळ्यात महाग उदाहरण अमेरिकन सैन्याचं आहे. एम-१६ रायफल विकसित झाली ती एका प्रकारच्या प्रोपेलंटवर, म्हणजे गोळी ढकलणाऱ्या दारूवर. पुढे सैन्याने काडतुसात वेगळी, गोळीदार पूड वापरायला सुरुवात केली. रायफलचा मारा करण्याचा वेग वाढला, आत राख जास्त साचू लागली. त्यात चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, क्रोमचा मुलामा नव्हता, आणि ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरलेला. सफाईचं सामानही पुरेसं पोचलं नाही. व्हिएतनामच्या दमट हवेत रायफली ऐन लढाईत अडकल्या. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने त्याची चौकशी केली, मग चेंबरला क्रोम आलं आणि सफाईचं सामानही. एकेकटा बदल कुणाला तरी क्षुल्लक वाटला होता.

आपल्या कारखान्यात हे रोज घडतं. कॅपॅसिटर मिळाला नाही, परचेसवाल्याने 'सेम व्हॅल्यू' म्हणून दुसऱ्या मेकचा आणला. ऑटोमध्ये यासाठी पीपॅप पुन्हा करावं लागतं हे तुम्हाला माहीत आहे. तीच शिस्त इथेही लावा, कुणी बघत नसताना.

प्रयोगशाळा: इथे पैसे वाचवू नका

पुण्याची हवा मालाशी फार प्रेमाने वागते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपासची उंची, उन्हाळ्यात चाळिशीच्या आगेमागे पारा, थंडी म्हणावी तर स्वेटरपुरती. इथे गच्चीवर महिनाभर ठेवलेली वस्तू चालली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. राजस्थानात फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंशांची नोंद झाली, तीही सावलीतल्या हवेची. उन्हात उभ्या गाडीत पेटी याहून कितीतरी जास्त तापते. दुसऱ्या टोकाला लडाखमध्ये पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के.

भारतात लष्करी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या हवामान-चाचण्यांसाठी जेएसएस ५५५५५ हे मानक वापरतात. अमेरिकेचं मिल-एसटीडी-८१० ही त्याच जातीचं. जेएसएसमध्ये काय नाही! कंपन, धक्के, आपट, उष्णता, थंडी, दमट उष्णता, उंची, झोडपणारा पाऊस, बुडवणं, धूळ, मीठ, बुरशी. तुमच्या वस्तूला यातल्या कुठल्या चाचण्या आणि किती तीव्रतेच्या, हे आरएफपीत दिलेलं असतं. नसेल तर विचारा.

क्रम बदलू नका. आधी कंपन आणि आपट, मग पाणी आणि धूळ, हा क्रम मुद्दाम असतो. कंपनाने सील किंचित सैल झालं असेल तर ते पाण्यात उघडं पडतं. दोन वेगवेगळ्या नगांवर दोन चाचण्या करून दोन स्वच्छ रिपोर्ट आणता येतात, पण जवानाच्या हातात एकच नग असतो आणि त्याने ट्रकचा प्रवासही केलेला असतो, पाऊसही खाल्लेला असतो.

पाण्याचा मुद्दा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त वस्तू इथे हरतात. बाजारात बरेच जण आयपी ६७ चं, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचं, प्रमाणपत्र दाखवतात. त्यात वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटं ठेवतात. पण त्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा असा नियम आहे. लष्करी पद्धत निराळी. मिल-एसटीडी-८१० मध्ये वस्तू आधी पाण्यापेक्षा २७ अंशांनी गरम करतात आणि मग बुडवतात. कारण साधं आहे. उन्हात तापलेली पेटी नदी ओलांडताना पाण्यात जाते, आतली हवा झपाट्याने थंड होऊन आकसते आणि पेटी पाणी आत ओढते. २७ अंशांच्या फरकाने आतला दाब साधारण ८ टक्क्यांनी उतरतो. सीलच्या दृष्टीने ते आणखी ऐंशी सेंटिमीटर खोल बुडवण्यासारखं. म्हणजे आयपी ६७ पास असलेलं गास्केट इथे नापास होऊ शकतं, आणि होतंही.

वर हे एकदाच घडत नाही. रोज दुपारी तापणं, रोज संध्याकाळी पावसाने थंड होणं, आणि प्रत्येक वेळी थोडी दमट हवा आत. महिन्याभराने पेटी उघडली की तळाशी पाणी, आणि मालक म्हणतो, 'पण लीक टेस्ट तर पास होती!' उपाय दोन. एक, दाब सारखा ठेवणारा पण पाणी अडवणारा झिल्लीचा व्हेंट बसवणं. दोन, पीसीबीवर ओल अडवणारा पातळ थर म्हणजे कॉन्फॉर्मल कोटिंग, आणि कनेक्टरची तोंडं खालच्या बाजूला. गास्केटची खाच मशीन करताना कोपऱ्याची त्रिज्या आणि स्क्रूमधलं अंतर तपासा. दोन स्क्रूंच्या मध्ये झाकण किंचित उचललं जातं, आणि पाण्याला तेवढं पुरतं.

उंचीच्या चाचणीत दोन गोष्टी बिघडतात. विरळ हवेमुळे पंखा आणि हीटसिंक यांची उष्णता काढून टाकायची ताकद घटते. आणि हवेचं इन्सुलेशन कमजोर होतं. पाच हजार मीटरसाठी उघड्या भागांमधलं हवेतलं अंतर सुमारे दीडपट धरावं लागतं. चार्जरची इनपुट बाजू २३० व्होल्टची असेल तर पीसीबीचा ले-आउट सुरुवातीलाच त्या हिशोबाने करा.

बुरशीच्या चाचणीला साधारण २८ दिवस लागतात, म्हणून ती वेळापत्रकात आधी टाका. मिठाच्या फवाऱ्यात ५ टक्के मिठाचं पाणी आणि ३५ अंश तापमान असतं. ॲल्युमिनियमच्या पेटीवर स्टीलचे साधे स्क्रू वापरले असतील तर चार दिवसांत पांढरा भुगा दिसतो.

मग विद्युतचुंबकीय चाचणी, मिल-एसटीडी-४६१ प्रमाणे. चार्जरमध्ये स्विचिंग पॉवर सप्लाय असतो आणि तो शेजारच्या रेडिओत खरखर घालतो. रेडिओच्याच बॅटऱ्या भरायच्या आणि रेडिओच बहिरा करायचा, हे कुणीही खपवून घेणार नाही. वाहिन्यांतून जाणारा गोंगाट १० किलोहर्ट्झपासून १० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतात, आणि हवेतून पसरणारा थेट गिगाहर्ट्झपर्यंत. इथे बहुतेकांचा घात केबलच्या शिल्डिंगवर होतो. शिल्डची जाळी सोलून, पीळ घालून, एका तारेसारखी स्क्रूखाली दाबली की मल्टिमीटर 'कनेक्शन ठीक' दाखवतो. पण उच्च वारंवारतेला ती दोन इंचाची शेपटीच अँटेना होते. जाळी कनेक्टरच्या कवचाला पूर्ण गोलाकार, ३६० अंशांत पकडायला हवी, आणि पेटीला कनेक्टर जिथे बसतो तिथला पेंट काढलेला हवा. पावडर कोटिंगवाल्याला मास्किंग करायला सांगणं हा खर्च शंभर-दोनशे रुपयांचा; न सांगण्याचा खर्च प्रयोगशाळेतल्या चाचणी-चेंबरचा आणखी एक दिवस.

प्रयोगशाळा निवडताना एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं, प्रमाणपत्र तर बघाच, पण त्यातली व्याप्तीची यादीही वाचा. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असते, पण तुम्हाला हवी ती नेमकी चाचणी त्या मान्यतेत असतेच असं नाही. वाहनाशी संबंधित वस्तूंसाठी कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. अहिल्यानगरला व्हीआरडीई ही डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा आहे, तिथे वाहनांच्या चाचणीचे ट्रॅकच आहेत. इलेक्ट्रॉनिक्ससाठी मुंबईच्या ईआरटीएल आणि समीर या सरकारी संस्था. अशा सुविधा उद्योगांच्या भागीदारीतून उभ्या राहाव्यात म्हणून केंद्राने मे २०२० मध्ये ४०० कोटींची योजनाही आणली, त्यात प्रकल्पखर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे.

विश्वासार्हतेचं गणित

इथे बहुतेक उद्योजकांना धक्का बसतो. 'दहा नग चालवले, दहाही चालले, म्हणजे शंभर टक्के.' असं होत नाही.

समजा कागदात मागणी आहे की ९० टक्के खात्रीने वस्तू ९० टक्के वेळा काम पूर्ण करेल. एकही अपयश न येता किती वेळा चालवावं लागेल? बावीस. हाच आकडा ९५ टक्के विश्वासार्हतेसाठी पंचेचाळीस, आणि ९९ टक्क्यांसाठी २३० होतो. वर जाताना शेवटच्या काही टक्क्यांची किंमत अशी चढत जाते. दोन बिघाडांमधल्या सरासरी वेळेची मागणी असेल, समजा ५०० तास, तर ९० टक्के खात्रीसाठी एकही बिघाड न होता सगळे नग मिळून साधारण ११५० तास चालवावे लागतात, म्हणजे २.३ पट. एक बिघाड आला की हा आकडा आणखी वाढतो.

म्हणून ट्रायलला जाण्याआधी स्वतःच्या शेडमध्ये पाच-सहा नग लावून रात्रंदिवस चालवा. प्रत्येक बिघाड लिहा, अगदी 'एलईडी एकदा लुकलुकला' सुद्धा. बिघाड म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या आधी लिहून ठेवा. बिघाड झाल्यावर लिहिलेली व्याख्या नेहमी आपल्याच बाजूने झुकते. लष्करातही जड उपकरणांसाठी हाच विचार मोठ्या प्रमाणावर होतो. अर्जुन रणगाड्याला ठराविक आयुष्याचा वापर थोड्या काळात कोंबून बघणाऱ्या चाचण्या राजस्थानात द्याव्या लागल्या, आणि मार्च २०१० मध्ये टी-९० सोबत समोरासमोरची तुलनाही.

मैदानात

फील्ड ट्रायल कुठे आणि कोणत्या ऋतूत, हे ट्रायलच्या आदेशात ठरतं: वाळवंट उन्हाळ्यात, उंच डोंगर हिवाळ्यात. उन्हाळ्याची खिडकी चुकली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. त्यामुळे नगाची तयारी ऋतूपासून मागे मोजत करा, आणि मध्ये बुरशीचे २८ दिवस व दुरुस्तीची एक फेरी धरा.

मैदानात वस्तू जवान चालवतो, तुमचा इंजिनीअर नव्हे. सुरुवातीला प्रशिक्षणाची संधी मिळते, मग तुम्ही बाजूला. तोच खरा कस. पुण्यातून निघण्याआधी हा प्रयोग करा: कारखान्यातला ज्याने ही वस्तू कधी पाहिली नाही असा माणूस घ्या, त्याला जाड हातमोजे घाला, दिवे बंद करा आणि फक्त माहितीपुस्तिका देऊन चार्जर जोडायला सांगा. पुस्तिका हिंदीत हवी, चित्रांसह. त्याने कनेक्टर उलटा घालायचा प्रयत्न केला तर दोष त्याचा नाही. कनेक्टरला चुकीच्या बाजूने बसताच येणार नाही अशी खाच हवी. हिरवा दिवा रात्री अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो का, हेही बघा. सीमेवर उजळ एलईडी हा गुणधर्म नसून तक्रार असते. पट्टे खांद्यावर कुठे रुततात, हे दहा मिनिटांत कळत नाही. सिंहगडाच्या पायवाटेने वजन घेऊन चढून-उतरून बघा, मग बोला.

सोबत नेण्याचं सामान: सुटे फ्यूज, कनेक्टर, एक जादा केबल-संच, कॅलिब्रेशन प्रमाणपत्रासह मोजणीची उपकरणं, आणि गोठवलेल्या बांधणीची यादी. इंजिनीअर असा पाठवा जो शांत राहील. नग बंद पडला तर 'असं कधी होत नाही' हे वाक्य तिथे कुणालाच नको असतं. काय घडलं, किती वाजता, तापमान किती होतं, कुठला भाग बदलला, किती मिनिटं लागली, हे लिहा. चाचणीतली कामगिरी विक्रेत्यांना तिथेच सांगून नंतर लेखी कळवण्याची पद्धत आहे. त्या वेळी तुमच्या वहीत वेळेसकट नोंदी असतील तर खुलासा मागता येतो. नोंदी नसतील तर नुसती हुज्जत होते.

दुरुस्तीची परीक्षा

देखभाल-चाचणीकडे, म्हणजे एमईटीकडे, लोक शेवटची औपचारिकता म्हणून बघतात. माझ्या मते छोट्या उद्योजकाने सगळ्यात आधी हिचा विचार करावा, कारण ही डिझाइनमध्येच जिंकावी किंवा हरावी लागते. ईएमईचे तंत्रज्ञ वस्तू उघडतात. किती प्रकारचे स्क्रू आहेत? खास हत्यार लागतं का? एक कार्ड बदलायला किती मिनिटं लागली? त्यासाठी दुसरं काय काढावं लागलं? तपासणीची ठिकाणं हाताला येतात का? पेटी पुन्हा बंद केल्यावर तेच गास्केट चालतं की नवं लागतं?

चार प्रकारचे स्क्रू असतील तर एकावर आणा. झाकणाचे स्क्रू निसटून न पडणारे घ्या; बर्फात पडलेला एम-३ स्क्रू कुणालाही सापडत नाही. सुट्या भागांची शिफारस-यादी प्रामाणिक करा. कमी भाग दाखवून वस्तू स्वस्त भासवली, तर नंतर किमतीच्या चर्चेत आणि त्याहून पुढे सेवेच्या वर्षांत ती तुमच्याच गळ्यात येते. पीसीबी रेझिनमध्ये पूर्ण ओतून टाकला की पाण्याचा प्रश्न सुटतो आणि दुरुस्तीचा जन्माला येतो, त्यामुळे हा निर्णय दोन्ही चाचण्या समोर ठेवून घ्या.

गोळी आणि स्फोटक असेल तर

हे क्षेत्र वेगळं, परवान्यांचं, आणि नवख्याने एकट्याने उतरायचं नव्हे. तरी काम कसं चालतं ते माहीत असावं. बुलेटप्रूफ जॅकेटसाठी भारतीय मानक आयएस १७०५१ हे २०१८ चं आहे. गोळी आरपार गेली नाही एवढ्याने भागत नाही. जॅकेट मागे किती दबलं हेही मोजतात, कारण बरगडी त्यानेही मोडते. मागे खास मातीचा ठोकळा लावतात. अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या एनआयजे या संस्थेच्या पद्धतीत त्या मातीचीच आधी परीक्षा होते: सुमारे एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटरवरून टाकायचा आणि खड्डा १९ मिमीच्या आसपास पडतो का बघायचा. माती गार असेल तर जॅकेट उगाच चांगलं दिसतं.

तोफगोळ्यांची तपासणी बालासोरजवळ चांदीपूर, इटारसी अशा प्रूफ रेंजवर, म्हणजे गोळे झाडून बघण्याच्या मैदानांवर, होते. गोळे आधी गरम आणि थंड खोल्यांत मुरवतात, मग झाडतात. तोंडाशी वेग रडारने मोजतात, चेंबरमधला दाब गेजने. स्फोटकांत उलटा प्रश्नही विचारतात: नको तेव्हा फुटत नाही ना? १२ मीटरवरून टाकून बघतात, आगीत ठेवतात, तासाला ३.३ अंश इतक्या मंद गतीने तापवत नेतात. दिघीला विकसित झालेल्या 'सर्वत्र' नावाच्या पुलासारख्या साधनाला पुन्हा निराळी मोजपट्टी, कारण ७५ मीटरच्या त्या पुलावरून रणगाडे जायचे असतात.

पास झाल्यानंतर

करार झाला की पुन्हा डीजीक्यूए भेटतं. गुणवत्तेचा आराखडा आणि स्वीकृती-चाचणीची पद्धत मंजूर करून घ्यायची असते. माल निघण्याआधी तपासणी, आणि पोचल्यावर संयुक्त तपासणी. इथे खेपेतले काही नग निवडून तपासतात, त्यामुळे प्रोटोटाइप हाताने घासूनपुसून जमवला आणि उत्पादन साच्यावर आलं की मापं हलतात, ते इथे पकडलं जातं. ट्रायलचे नग शक्यतो उत्पादनाच्याच फिक्स्चरवर बनवा. महाग पडतं, पण एकदाच.

ट्रायलमध्ये पास झालेल्या नगाचा जुळा भाऊ सीलबंद करून स्वतःकडे ठेवा: बांधणीच्या यादीसह, गास्केटच्या खेपेच्या क्रमांकासह. चौथ्या खेपेत कुठल्यातरी युनिटमधून 'पाणी शिरतंय' अशी तक्रार आली, तर नवा नग आणि तो जुना नग शेजारी उघडून आधी गास्केटची कठीणता मोजा, मग रबरवाल्याला फोन करा.